तेवीस नंबरची ओळ

विमलताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी जळगावच्या घरी उन्हाळ्यातल्या कामांची यादी करत होते. कुरडयांचा गहू भिजत घालणे, गाद्यांचा कापूस पिंजून आणणे, कूलरचं गवत बदलणे... फोन ताईंच्या पुतणीचा, मंगलचा होता. "मावशी, आत्या गेली. पहाटे, झोपेतच," एवढंच ती म्हणाली. "निघतेच," असं सांगून मी फोन ठेवला आणि सवयीने यादीत पुढचा आकडा घातला. त्यापुढे लिहिलं, धुळे. मग पेन तसंच हातात धरून बसले. त्याच्या खाली काय लिहायचं ते सुचेना. एरंडोल, पारोळा करत एसटी धुळ्याला पोचली, पांझरेचा पूल ओलांडून रिक्षा देवपुरात शिरली, तोवर दुपार झाली होती. ताईंना नेलं होतं. मला उशीर झाला होता. वेळेच्या बाबतीत मी कधी कुणाला बोलायची संधी दिलेली नाही, आणि नेमकं त्या दिवशी...

विमलताई देवपुरातल्या एका मुलींच्या शाळेत गणित शिकवत. मी त्याच शाळेत प्रयोगशाळा सहायक होते. माझ्याहून त्या पंधरा-सोळा वर्षांनी मोठ्या. बुटक्या, भरभर चालणाऱ्या, बारीक काठांची सुती साडी आणि खांद्याला कापडी पिशवी. लग्न केलं नव्हतं, भावाच्या कुटुंबात राहत. वर्गात त्यांच्या तोंडून एक शब्द कधीच ऐकू यायचा नाही, तो म्हणजे "सोपं". मी एकदा कारण विचारलं होतं. म्हणाल्या, "सोपं आहे म्हटलं की ज्या मुलीला येत नाही ती गप्प बसते. मग मी काय तिच्या मनात शिरून बघू?"

ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धातली गोष्ट. शाळेला दोन संगणक मिळाले होते. ते माझ्या प्रयोगशाळेतल्या कपाटाशेजारच्या टेबलावर, शिवून घेतलेल्या फुलाफुलांच्या झाकणांखाली सहा महिने पडून होते. दर शनिवारी झाकणं झटकणे हे माझ्या कामांच्या यादीत होतं. त्यापलीकडे त्यांचं काय करायचं हे कुणालाच माहीत नव्हतं. ताईंनी दिवाळीच्या सुट्टीत त्यांचं जाडजूड इंग्रजी पुस्तक घरी नेलं. सुट्टी संपल्यावर परत आणलं तेव्हा त्याच्या पानापानांत कागदाच्या पट्ट्या होत्या आणि ताईंना प्रोग्रॅम लिहिता येत होता. शेचाळीस-सत्तेचाळिसाव्या वर्षी, शब्दकोश घेऊन, एकटीने, आणि दिवाळीभर यंत्र समोर नसताना! मी थक्क झाले. त्या मात्र मला म्हणाल्या, "अगं, यंत्र नव्हतं म्हणून तर जमलं. समोर असतं तर बटणं दाबत बसले असते."

त्याच सुमारास आमच्या संस्थेचे अध्यक्ष नानासाहेब यांचं मत पडलं की मुलींच्या शाळेत ही यंत्रं वाया चालली आहेत, ती संस्थेच्या कॉलेजात हलवावीत. ताई त्यांना भेटायला गेल्या, मला सोबत घेऊन. "नाना, मुलींना शिकवायला आधी बाया तयार व्हायला पाहिजेत. मला मे महिन्यातले बारा दिवस द्या. प्राथमिकच्या शिक्षिका बोलावते." नानासाहेब हसले. सत्तरीचे, पांढरं धोतर, काळी टोपी, बोलण्यात मिस्कील. म्हणाले, "दिले. बाराव्या दिवशी मी स्वतः येतो बघायला. आणि येताना जीप घेऊनच येतो. तुमच्या बायांना काही आलं तर ती रिकामी नेईन." बाहेर आल्यावर मी घाबरून ताईंकडे पाहिलं. त्या पिशवीतून खडूचा तुकडा काढून बोटांत फिरवत होत्या. "सुनंदा, वीस नावं जमव," एवढंच म्हणाल्या.

नावं जमवली. धुळे शहरातल्या बऱ्याचशा, काही साक्रीकडच्या, दोघी-तिघी शिरपूर तालुक्यातल्या. मी वेळापत्रक केलं, बसायच्या जागा आखल्या, पिण्याच्या पाण्याचे माठ, चहाची वेळ, वीज जाण्याच्या वेळा आणि दोन यंत्रांवर वीस जणींच्या पाळ्या असा मोठा तक्ता करून भिंतीला लावला. ताईंनी तो कौतुकाने पाहिला आणि पहिल्या तीन दिवसांवर खडूने काट मारली. वर्गाला सांगितलं, "तीन दिवस यंत्राला हात लावायचा नाही."

कुसुमताई म्हणून देवपुरातल्याच एक शिक्षिका होत्या, फटकळ. त्या म्हणाल्या, "मग काय हळदकुंकू वाहायचं का त्याला?"

"नाही. आधी आपण यंत्र व्हायचं," ताई म्हणाल्या. "कुणीतरी कामाच्या सूचना लिहा. मी यंत्र होते. लिहिलं असेल तेवढंच करीन."

मी पुढे सरसावले. सूचना लिहिणं हे तर माझं रोजचंच! रांगोळीच्या ठिपक्यांची ओळ काढण्यासाठी मी क्रमांक घालून स्वच्छ अक्षरात लिहिलं : एक, खडू हातात घ्या. दोन, फळ्यावर एक ठिपका काढा. तीन, असे पाच ठिपके काढा. ताईंनी कागद वाचला, खडू घेतला, फळ्यावर एक ठिपका काढला. मग त्याच ठिपक्यावर दुसरा. त्याच्यावरच तिसरा. टक, टक, टक. पाचव्याला खडू मोडला. वर्गात हशा पिकला. "पुढे सरका असं कुठे लिहिलंय?" ताईंनी मला विचारलं. त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता, खरोखरची चौकशी होती. मी म्हटलं, "ते कळतंच की, ताई." "तुला कळतं. याला नाही कळत," त्या स्वतःकडे बोट दाखवून म्हणाल्या. यादी माणसासाठी असते, गाळलेलं तो भरून घेतो. प्रोग्रॅममध्ये गाळलेलं गाळलेलंच राहतं. इतकी वर्षं शेकड्यांनी याद्या केलेल्या मला हे त्या मोडक्या खडूने कळलं.

मग ते तिन्ही दिवस बाया जोडीजोडीने यंत्र होत होत्या. एकीने वहीत प्रोग्रॅम लिहायचा, शेजारणीने ओळीवर बोट ठेवून मोठ्याने वाचत जायचं आणि लिहिलंय तेवढंच करायचं. बाहेर चाळिशी ओलांडलेलं ऊन, खिडक्यांना ओल्या गोणपाटाचे पडदे, आणि आत वीस जणी बोटं सरकवत पुटपुटताहेत... चौथ्या दिवशी यंत्रं सुरू झाली आणि मी ताईंची दुसरी रीत पाहिली. कुणी अडलं, "ताई, चालत नाही हो" अशी हाक आली की त्या जाऊन मागे उभ्या राहत आणि स्वतःचे दोन्ही हात पाठीमागे धरत. शिकणारीच्या बटणांना त्यांनी बारा दिवसांत एकदाही स्पर्श केला नाही. मला ते सहन व्हायचं नाही. समोर एक अवतरणचिन्ह राहिलेलं दिसतंय, एका बटणाचं काम आहे, पाळीची दहा मिनिटं संपत आलीत! माझं बोट पुढे जायचं, आणि मागून आवाज यायचा, "सुनंदा, हात." बस, तेवढेच दोन शब्द. दिवसातून चार-पाचदा तरी.

शिरपूरकडून आलेल्यांत इंदूबाई होत्या. सातपुड्याच्या पायथ्याशी कोरडवाहू शेतीवर जगणाऱ्या गावात एकशिक्षकी शाळा चालवायच्या. वय पस्तिशीचं असेल. बारा दिवस देवपुरात नणंदेकडे राहिल्या होत्या. वर्गात बोलायच्या ते पुस्तकी मराठी, आणि तेही अगदी कमी. गडबडल्या की आपोआप अहिराणी यायची आणि मग पदराने तोंड झाकून घ्यायच्या. पहिल्या आठवड्यात कुसुमताई एकदा डबा खाताना म्हणाल्या, "इंदूबाई, तुमच्या गावात वीज आहे का हो? नाही, तुम्ही हे शिकून करणार काय?" इंदूबाईंनी ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी मोडत शांतपणे सांगितलं, "खांब आलेत. तारा यायच्यात." सगळ्या हसल्या, त्याही हसल्या. पण त्या दिवसापासून मी त्यांच्याकडे जरा जास्त लक्ष देऊ लागले.

त्यांनी लिहायला घेतला तो पाढ्यांचा प्रोग्रॅम. यंत्राने दोन आकडे घ्यायचे, गुणाकार विचारायचा, उत्तर बरोबर आलं तर शाबासकी द्यायची, चुकलं तर परत विचारायचं. विचारणार मात्र अहिराणीत, रोमन अक्षरांत का होईना. "माझी पोरं पुस्तकातल्या बोलीला भितात," त्या म्हणाल्या. त्या काळी प्रोग्रॅमच्या प्रत्येक ओळीला आकडा द्यावा लागे, आणि यंत्र त्या आकड्यांच्या क्रमाने ओळी वाची. आकडे दहा, वीस, तीस असे अंतर सोडून द्यायचे; काही राहून गेलं तर ते मधे घालायला जागा राहते. एका ओळीवरून दुसरीकडे उडी मारायची असेल तर "गो टू" लिहून तिचा आकडा सांगायचा. इंदूबाईंचा पहिला खर्डा त्यांच्या शेजारणीने बोट ठेवून वाचला आणि गोंधळली. वीस नंबरला प्रश्न होता, तीस नंबरला थेट "चुकनं". पोराने उत्तर द्यायचं कुठे? इंदूबाई प्रश्न विचारून ऐकायला थांबल्याच नव्हत्या. त्यांनी जीभ चावली. मागे उभ्या ताई म्हणाल्या, "आपण वर्गातसुद्धा असंच करतो, नाही का?" मग इंदूबाईंनी वीस आणि तीसच्या मधे दोन ओळी घातल्या. तेवीस नंबरला थांबून उत्तर घ्यायचं. सत्तावीस नंबरला ते तपासायचं, आणि बरोबर असेल तर शाबासकीकडे उडी मारायची. त्या तेवीस नंबरच्या ओळीचा त्यांना फार अभिमान. येता-जाता सांगायच्या, "मनं तेवीस चांगलं चालस आते." माझं तेवीस आता छान चालतं.

अकरावा दिवस. दुसऱ्या दिवशी नानासाहेब येणार म्हणून मी कामाला लागले. तेव्हा प्रोग्रॅम साध्या कॅसेटवर साठवायचे. वीस जणींच्या वीस ठिकाणी ठेवलेल्या कॅसेटी शोधत बसण्यापेक्षा सगळे प्रोग्रॅम पाळीच्या क्रमाने एकाच कॅसेटवर घ्यावेत, असं ठरवून मी दुपारी चहाच्या सुट्टीत बसले. इंदूबाईंचा पडद्यावर आणला. दहा, वीस, तेवीस, सत्तावीस, तीस, चाळीस... माझ्या डोळ्यांना ते आकडे खुपले. पाहुण्यांसमोर असं वेडंवाकडं? आठच तर ओळी होत्या. मी त्या नव्याने टाइप केल्या, दहापासून ऐंशीपर्यंत, सरळ रेषेत. चालवून पाहिला. पडद्यावर प्रश्न आला. मला समाधान वाटलं, कॅसेटवर घेतला आणि पुढच्या नावाकडे वळले. आकडे नीट लावून देणारी एक तयार आज्ञा त्या यंत्रातच असते हे मला फार पुढे कळलं. ती उड्यांचे पत्तेही बदलते. मी फक्त ओळींचे आकडे बदलले होते. उड्यांचे पत्ते जुनेच राहिले होते.

बाराव्या दिवशी सकाळी दहाला जीप आली. नानासाहेबांबरोबर संस्थेचे दोन सदस्य होते. पहिल्या तीन-चार जणींचे प्रोग्रॅम झाले. एकीने व्याज काढून दाखवलं, कुसुमताईंच्या यंत्राने चांदण्यांचा त्रिकोण काढला. नानासाहेब मान डोलावत होते, पण कंटाळलेले दिसत होते. एक सदस्य त्यांच्या कानाशी म्हणाला, "पाठ करून घेतलेलं दिसतंय सगळं." ते आम्हा सगळ्यांना ऐकू आलं. मग इंदूबाईंची पाळी. अहिराणी बघून नानासाहेब पहिल्यांदा पुढे सरकून बसले. "सात आठे कितला?" पडद्यावर प्रश्न आला. "मी देतो उत्तर," ते म्हणाले आणि एका बोटाने पाच, सहा ही बटणं दाबली.

पडद्यावर आलं, "चुकनं! परत सांग." आणि त्याखाली यंत्राचा इंग्रजी निरोप, की सांगितलेली ओळ सापडत नाही. यंत्र थांबलं.

मग नानासाहेब म्हणाले, "आमच्या वेळी तरी सात आठे छप्पन्नच होते ब्वा. आता काय भाव झालाय?"

सदस्य खो खो हसले. इंदूबाईंचा चेहरा पांढरा पडला. एका क्षणात मला सगळं दिसलं, माझं आदल्या दिवशीचं टाइप करणं, सरळ रेषेतले आठ आकडे, सगळं. मी उठू लागले. ताई यंत्राच्या मागे उभ्या होत्या, हात पाठीमागे. त्यांनी वळूनही पाहिलं नाही. "सुनंदा, बस," म्हणाल्या.

इंदूबाईंनी प्रोग्रॅमच्या ओळी पडद्यावर मागवल्या आणि त्यांच्या तोंडून अहिराणी बाहेर पडली. "ताई, हाई मनं नही शे! मनं तेवीस कोठे गयं?"

ताईंनी तेव्हा एकदा माझ्याकडे पाहिलं. फक्त एकदा. मग इंदूबाईंना म्हणाल्या, "तुमचं घर कुणीतरी आवरलेलं दिसतंय, इंदूबाई. वस्तू घरातच आहेत. कुठे ठेवल्यात ते शोधा."

"अहो ताई," नानासाहेब म्हणाले, "तुम्हाला येतं ना? मग द्या की करून. आम्हाला पुढे जायचंय."

"मला येतं, नाना. पण त्यांना येतं का, ते बघायला आपण आलात."

मी ताईंच्या पाठीमागच्या बाकावर होते. नानासाहेबांना दिसत नव्हतं ते मला दिसत होतं. ताईंनी उजव्या हाताने डावं मनगट इतकं घट्ट धरलं होतं की बोटांची टोकं पांढरी झाली होती. चेहरा मात्र रोजच्यासारखा असावा, कारण इंदूबाईंनी एकदा त्यांच्याकडे वर पाहिलं आणि त्या जरा सावरून बसल्या.

इंदूबाईंनी वही काढली. पडद्यावरच्या ओळी आणि वहीतल्या ओळी शेजारी शेजारी लावत गेल्या. साठ नंबरला "गो टू तेवीस" होतं आणि तेवीस तर नाहीच. उत्तर ऐकायची ओळ आता तीसवर गेली होती. त्यांनी साठ नंबरची ओळ बदलली, प्रोग्रॅम चालवला. प्रश्न परत सात आठेचाच आला. नानासाहेबांनी छप्पन्न दाबलं. "चुकनं! परत सांग." परत छप्पन्न. "चुकनं! परत सांग."

"आता ही मला सोडतच नाही," नानासाहेब म्हणाले. या वेळी मात्र वर्गातली एकही बाई हसली नाही. माझ्या भिंतीवरच्या तक्त्यात प्रत्येकीला दहा मिनिटं होती, ती केव्हाच संपली होती. पंखा घरघरत होता. इंदूबाईंनी घाम पुसला, पडद्यावर बोट टेकवलं आणि त्या यंत्र झाल्या. मोठ्याने, अहिराणीत, कुणाची लाज न धरता. "दहावर आकडा लिधा... वीसवर इचारं... तीसवर ऐकं... चाळीसवर दखं, बरोबर शे, तर पन्नासवर जाय. पन्नासवर काय शे?" बोट थांबलं. "पन्नासवर चुकनं शे! अरे देवा, बरोबर सांगनारले बी मी चुकनंकडेच धाडी राह्यनू!" त्यांनी बोट खाली नेलं, सत्तरवर शाबासकी सापडली, चाळीस नंबरच्या ओळीत पन्नासच्या जागी सत्तर घातलं. आणि नानासाहेबांकडे वळून म्हणाल्या, "नाना, आते सांगा."

नानासाहेबांनी छप्पन्न दाबलं. "भले रे भाऊ!"

ते पडद्याकडे बघत राहिले. सत्तर वर्षांचा तो माणूस एकदम वेगळ्याच आवाजात बोलला, "मनी माय अशीच म्हने." मग उठले, टोपी नीट केली, आणि दाराशी उभ्या ड्रायव्हरला सांगितलं, "चल. रिकामीच न्यायची." पाठ केलंय म्हणणाऱ्या सदस्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही.

सगळ्या गेल्यावर मी ताईंपुढे रडले. सगळं सांगितलं. त्या बाकावर बसून मनगट चोळत होत्या. म्हणाल्या, "नीटनेटकं केलंस, त्यात वाईट काही नाही. फक्त त्यातून शेवटपर्यंत चालत गेली नाहीस. प्रश्न आला, म्हणून थांबलीस. उत्तर देऊन बघितलं नाहीस." मी विचारलं, "इंदूबाईंना सांगू का?" "ते तुझं तू ठरव," त्या म्हणाल्या. मी सांगितलं नाही. उद्या सांगू, पत्राने कळवू, पुन्हा भेट झाली की... प्रत्येक वर्षी ते माझ्या मनातल्या यादीत पुढच्या वर्षावर ढकललं गेलं. पुढे माझ्या यजमानांची बदली झाली, आम्ही जळगावला आलो. ताईंनी निवृत्त होईपर्यंत दर मे महिन्यात वर्ग घेतला. त्या शाळेतल्या मुली पुण्या-मुंबईला नोकरीला गेल्या, त्यांच्या लग्नपत्रिका ताईंना यायच्या. मी धुळ्याला गेले की आम्ही भेटायचो, तासन्‌तास बोलायचो. त्या दिवसाचा विषय त्यांनी पुन्हा कधी काढला नाही. मला टोचून बोलायची इतकी हक्काची संधी त्यांच्या हाताशी होती, आणि बारा वर्षांत एकदाही...

ताईंच्या तेराव्याला मी पुन्हा धुळ्याला गेले, तेव्हा इंदूबाई आल्या होत्या. केस पांढरे झालेले, चष्मा लागलेला. मला त्यांनीच ओळखलं. जेवणं उरकल्यावर मंगलने आम्हा दोघींना ताईंच्या खोलीत नेलं. लहानशीच खोली. खाट, टेबल, भिंतीतलं पुस्तकांचं कपाट, पांझरेच्या दिशेची खिडकी. मंगलने काहीही हलवलं नव्हतं. आम्ही सतरंजीवर बसलो. इंदूबाई सांगू लागल्या. गावात तारा आल्या, शाळेला दुसरी खोली मिळाली, संगणक अजून नाही. "पण मी दरसाल विमलताईंची परीक्षा घेते," त्या म्हणाल्या.

"कसली परीक्षा?"

"ताईंनी माझी घेतली ना, नानासाहेबांसमोर? तशी." वर्ष संपत आलं की त्या एखाद्या मुलाचं वहीतलं गणित फळ्यावर उतरवतात, मुद्दाम दोन पायऱ्या हलवून. मग त्याला उभं करतात, तुझं यात काय हरवलं ते शोध. वर्ग बघत राहतो, कुणी मदत करायची नाही. "आमच्याकडे बठ्ठ्या पोरांना, सगळ्यांनाच, माहीत आहे, विमलताईंची परीक्षा. जो शोधतो त्याला पुढे कशाची भीती राहत नाही. मला राहिली नाही ना... रात्रीतून ताईंनी माझा प्रोग्रॅम बदलला, मला आधी सांगितलंसुद्धा नाही. केवढा भरवसा!"

ते तसंच राहू द्यावं असं फार वाटलं. गोष्ट सुंदर होती, तिने बारा वर्षं काम केलं होतं, आणि ती मोडायचा मला काय अधिकार? पण मी ताईंच्या खोलीत बसले होते. तिथे बसून एक पायरी गाळणं मला जमेना. "इंदूबाई," मी म्हटलं, "तुमचं तेवीस मी पुसलं होतं. आकडे वेडेवाकडे दिसले म्हणून. ताईंना माहीत नव्हतं. तुम्ही ओरडलात तेव्हाच त्यांना कळलं."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मला वाटलं आता रागावतील, आणि रागवावं असंच मला वाटत होतं. पण त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू दुसरंच काही उमटत गेलं. त्यांनी चष्मा काढला.

"म्हणजे ताईले बी माहीत नव्हतं?"

"नव्हतं."

"मी शोधसू का नही, तेबी?"

"नाही."

"जीप दारम्हा उभी, नाना घाई करी राह्यनात... आनि त्या तशाच उभ्या राह्यन्यात?"

"तशाच," मी म्हटलं.

इंदूबाई खिडकीकडे बघत राहिल्या. बाहेर नदीचं कोरडं पात्र उन्हात पांढरं दिसत होतं. मंगल चहा घेऊन आली, कप आमच्यापुढे ठेवून गेली. मग इंदूबाईंनी पदराने डोळे पुसले, चष्मा लावला आणि ज्या आवाजात कधीकाळी त्यांनी नानासाहेबांना परत उत्तर द्यायला सांगितलं होतं त्या आवाजात म्हणाल्या,

"मंग तर मी पोरंसले इतला वरीस कमीच सांगं. आते बठ्ठं नवीन सांगनं पडी."